प्रभाकररावांची साडेतीनची अर्धशिशी

प्रभाकरराव भोयर यांनी उभ्या नोकरीत एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे एक कप कॉफी. बाकीची कामं आपोआप होत, नाहीतर होत नसत.

वर्ध्याच्या धामकाठ भाजीपाला उत्पादक संघात ते हेडक्लार्क होते, म्हणजे गावच्या भाषेत बडे बाबू. पवनार, सेलू, देवळीकडचे भाजीवाले या संघाचे सभासद. सभासद असला की बाजारात बसायला सिमेंटचा ओटा मिळायचा आणि डोक्यावर पत्रा. ओटा कुणाचा, बाप गेल्यावर पोराचं नाव कधी चढणार, भावाभावांत कुणी बसायचं, हे सगळे कागद प्रभाकररावांच्या टेबलावर यायचे. तिथून पुढे जायचे की नाही, हे प्रभाकररावांच्या तब्येतीवर होतं. आणि ही तब्येत म्हणजे काय प्रकार होता, ते समजायला आधी त्या कचेरीतला चहा समजून घ्यावा लागेल.

कचेरीत माणसं अकरा आणि कैलासच्या टपरीवरून दुपारी चहा यायचा पाच. पाचाचे अकरा कट करण्याची विद्या नत्थूजी शिपायाकडे होती. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोट यायचे आणि तिसरा गाळ. पण हूं की चूं नाही, कारण चहा तलफेसाठी नव्हताच, संगतीसाठी होता. तिथे एकट्यानं काही पिणं म्हणजे महापाप. वरची कमाई खाल्लेली चालायची. ती निदान वाटून खात.

अशा जागी, अकरा लोकांदेखत, एकट्यानं भरलेला कप पिणारा माणूस म्हणजे प्रभाकरराव. ते त्यांनी कसं जमवलं, त्यात त्यांची सगळी हुशारी खर्ची पडली. कामाला उरली नाही.

देवळीला नऊ भावंडांत ते सातवे. घरात पेरू आला तर त्याच्या नऊ फोडी व्हायच्या, आणि सातव्याला बियांची मिळायची. दूध बशीत, आमरस वाटीच्या तळाशी, दिवाळीची करंजी अर्धी. लग्न झालं तर बायको मिळाली कमला. ती सासूच्या तालमीत अशी तयार झाली, की नवऱ्याच्या कपातला चहा दिराच्या कपात ओतताना तिचा हात एकदाही थरथरला नाही. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात काठोकाठ भरलेला कप प्रभाकररावांच्या ओठांना लागलाच नव्हता. तो लागला १९९१ साली पुण्याला. सहकाराच्या प्रशिक्षणाला संघानं त्यांना पंधरा दिवस धाडलं होतं. प्रशिक्षणातलं त्यांना काही आठवत नाही. वसतिगृहात खोलीसोबती म्हणून कोल्हापूरकडचा एक बाबू होता, तो आठवतो. त्यानं कपात कॉफीची पूड आणि साखर घेऊन चमच्यानं फेट फेट फेटली, वरून उकळतं दूध सोडलं आणि भरलेला कप प्रभाकररावांच्या हातात दिला. "आणि तुम्हाला?" यांनी घाबरून विचारलं. तो म्हणाला, "माझा मी वेगळा करतो की." वेगळा! प्रभाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्हापूरवाल्याला वाटलं, कॉफी कडू झाली.

वर्ध्याला परतताच त्यांनी एक छोटी शेगडी घेतली, विजेची, वेटोळ्याच्या तारेची. पहिल्याच दुपारी कचेरीत चमचा वाजला, टक टक टक, आणि दहा माना वर आल्या. फेटून होईस्तोवर नत्थूजी दहा रिकामे पेले घेऊन टेबलाशी हजर. "वा, रावसाहेब! आज कॉफी!" एका कपाचे अकरा कट झाले. नत्थूजीच तो, त्यानं केले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी प्रभाकरराव डाव्या कानशिलाला हात लावून कचेरीत आले.

"डॉक्टरनं सांगितलं आहे," ते खोल आवाजात म्हणाले. "अर्धशिशी. रोज साडेतीनला एक कप कडक कॉफी. औषध म्हणून."

औषध कुणी वाटून घेत नाही. नत्थूजीनं पेले उचलले आणि परत नेऊन ठेवले.

झालं. पण एकदा आजारी पडलं की आजार निभवावा लागतो. त्या दिवसापासून अकरा वर्षं रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी प्रभाकररावांचं डोकं दुखायला लागायचं आणि चारला थांबायचं. रविवारी दुखायचं नाही. पोळ्याला, दसऱ्याला नाही. घरी कमलाबाईला आपला नवरा अर्धशिशीचा रोगी आहे, याचा पत्ताही नव्हता.

कॉफी मात्र ते करत, ते खोटं नव्हतं, हे मान्य करायला हवं. तीन-दहाला ड्रॉवर उघडायचा. त्यात कधी फाईल नसे. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला चिनी मातीचा कप असे, आणि चमचा, पुडीचा डबा, साखरेचा डबा. एक चमचा पूड, दोन साखर, वर पाणी किती तर अगदी थेंब मोजून. पाणी जास्त झालं की फेस धरत नाही, कमी झालं की चमचा कोरडा ओरडतो. मग फेटायचं. आधी काळं, मग तपकिरी, मग मातकट, आणि वीस मिनिटांनी लोण्यासारखं फिकट. घाई केली तर वर पांढरं येतं आणि तळाशी काळी साखर बसते. घरून कडीच्या डब्यात आणलेलं म्हशीचं दूध शेगडीवर चढलं की साय बाजूला करायची, पहिला ऊत खाली बसू द्यायचा, दुसऱ्याला उतरवायचं, आणि वीतभर उंचीवरून बारीक धार सोडायची. चमचा परत घालायचा नाही. फेस आपला आपण वर येतो. त्या माणसानं ही नजर सभासदांच्या यादीवर फिरवली असती, तर अर्ध्या तालुक्याचं भलं झालं असतं.

पहिला घोट घेताना त्यांचे डोळे मिटायचे. कचेरीला वाटायचं, कळ आली. दाराशी नत्थूजी आल्यागेल्याला अडवायचा, "थांबा भाऊ. औषध चालू हाय."

२००२ च्या उन्हाळ्यात पवनारच्या सुलोचनाबाई या दाराशी आल्या. नवरा गेल्याला वर्ष होत आलेलं. सव्वा एकरात वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर. ओटा नवऱ्याच्या नावावर, आणि नवऱ्याचं नाव उडाल्यामुळे ओट्यावर शेजारचा कांदेवाला पसरलेला. बाई गटाराच्या कडेला, उन्हात, पोत्यावर बसून भाजी विकत होत्या. कागद सगळे दिले होते. फक्त यादीत नाव चढायचं होतं. मंगळवारी माल संपवून त्या कचेरीत पोचायच्या सव्वातीनला, आणि पवनारची एसटी पाचची. तेव्हापासूनच बाबूजींचं औषध चालू, चारनंतर बाबूजींना औषधाची गुंगी, साडेचारला बाबूजींची आवराआवर.

"बाबूजी, मायं नाव चढलं का जी?"

"होईल, होईल. पुढल्या मंगळवारी या."

असे आठ मंगळवार गेले. बाई बाकावर बसून पाहायच्या. शेतात राबणारी बाई, तिला पाहण्याची सवय. पानाच्या मागची अळी पाहणाऱ्या डोळ्यांना समोरचा बाबू काय दिसणार नाही? नवव्या मंगळवारी, चमचा जोरात चालू असताना, त्या नत्थूजीशी बोलू लागल्या. आवाज मुद्दाम हळू ठेवला नव्हता.

"माह्या बहिणीले हाय अर्धशिशी. गिरडले राह्यते ते. दुखाले लागलं का अंधाऱ्या खोलीत जाऊन पडते. डोक्याले फडकं बांधते. कोनं भांडं वाजवलं तं शिव्या देते. अन् हे बाबूजी तं सोताच वाजवून राह्यले."

"ज्याचं त्याचं डोकं येगळं राह्यते, मावशी," नत्थूजी म्हणाला.

"डोकं येगळं राह्यते. दुखनं कायले येगळं राहीन?"

चमचा क्षणभर अडला. मग प्रभाकररावांनी कण्हून घेतलं, जरा जास्तच, आणि पुन्हा फेटायला घेतलं.

भांडायला बाईंना वेळ नव्हता आणि अर्जावर त्यांचा विश्वास उडाला होता. त्या गेल्या ताराचंदजींकडे. ताराचंदजी कापडाचे व्यापारी, त्याच साली संघाचे अध्यक्ष झालेले. त्यांच्या घरी सुलोचनाबाईंची भाजी जायची. मन फार कोवळं. कर्मचारी म्हणजे माझं कुटुंब, असं ते भाषणात म्हणायचे, आणि दुर्दैव असं की ते त्यांना खरंच वाटायचं. दयाळू अध्यक्षाइतका धोक्याचा प्राणी सहकारात दुसरा नाही. कठोर माणसाला चुकवता येतं. कनवाळू माणूस घरापर्यंत येतो.

सुलोचनाबाईंनी आपल्या नावाचा शब्दही काढला नाही. भेंडी निवडून देता देता म्हणाल्या, "बाबूजीचं लय वाईट वाटते जी. अकरा वर्सं झाले म्हनते. रोज कन्हून राह्यले बिचारे, अन् तुमी काम करून घेऊन राह्यले."

पुढच्या मंगळवारी सव्वातीनला ताराचंदजी स्वतः कचेरीत. बाकावर सुलोचनाबाई होत्याच. प्रभाकररावांचं फेटणं मातकटावर आलेलं.

"प्रभाकरराव! अकरा वर्षं हे सोसून राह्यले, अन् आम्हाले पत्ता नाई?"

"चालायचंच, साहेब," प्रभाकरराव कानशील दाबत म्हणाले. अध्यक्षाच्या डोळ्यांत कणव पाहून त्यांना बरंही वाटलं. एक आणखी खोल सुस्कारा त्यांनी सोडला, आणि तीच चूक झाली.

"काऊन चालायचं? आजारी माणसाकडून काम करून घेनं पाप हाय. मले झोप नाई लागनार आता. तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घ्या. याच महिन्यात ठराव घेतो. जोरदार सत्कार करू तुमचा, शाल-नारळ, गावजेवन."

चमचा थांबला. प्रभाकररावांच्या डोळ्यांपुढून दोन कॉलेजातली पोरं गेली, एक लग्नाची मुलगी गेली, अर्धवट बांधलेल्या घराचा जिना गेला. आणि मग, याची लाज त्यांना पुढे बरेच दिवस वाटली, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत स्पष्ट, तो ड्रॉवर गेला. घरी कुठे होता असा ड्रॉवर?

"नाही नाही, साहेब! इतकं काही नाही. बरं होण्यासारखं आहे."

"होते ना जी बरं!" बाकावरून सुलोचनाबाई तडक उठल्या. "माह्यापाशी औषध हाय. आठ दिवसात जाते."

"पाहा!" ताराचंदजी हरखले. "मावशी, सांगा."

मावशींनी सांगितलं. सूर्य उगवायच्या आत दुधात बुडवून जिलबी. दुपारी साडेतीनला दोन्ही नाकपुड्यांत गाईचं तूप, मान मागे टाकून. "अन् एक पथ्य पाळा लागते. चहा नाई, कॉफी नाई. औषधावर औषध उलटते."

"तं ठरलं," ताराचंदजी म्हणाले. "आठ दिवस पाहू. नाई उतरलं तं मंग सत्कार."

नत्थूजीनं पुढे होऊन, अगदी आदरानं, अर्धा फेटलेला कप उचलला आणि मोरीत नेऊन धुतला.

घरी वेगळंच रामायण. "अकरा वर्सं डोकं दुखून राह्यलं अन् मले नाई सांगितलं?" कमलाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "अन् सांगितलं कोनाले, तं नत्थूजीले! मी कोन हो या घरात?" रागावल्या, पण पहाटे उठून जिलबी मात्र इमानानं द्यायच्या. म्हणजे चार जिलब्या यायच्या, त्यातल्या तीन पोरांना आणि उरलेलीतली अर्धी शेजारच्या आजारी म्हातारीला. औषध वाटायचं नाही, हा नियम कचेरीपुरता होता.

दुपारी साडेतीनला प्रभाकरराव खुर्चीत मान मागे टाकून बसायचे, नत्थूजी चमच्यानं तूप सोडायचा आणि बाकीचे नऊजण सभोवती उभे राहायचे. प्रत्येकाकडे आणखी एक उपाय होता. कुणी सुंठेचा लेप सांगे, कुणी उलट्या पायजम्याच्या नाडीचा फास. चिंचेच्या झाडाला खिळा ठोकायचा, असंही कुणीतरी म्हणालं.

तिसऱ्या दिवशी प्रभाकररावांचं डोकं दुखायला लागलं. खरंच. डाव्या बाजूनं, भुवईपासून मानेपर्यंत, जणू कुणी आत पाचर ठोकतं आहे. अकरा वर्षांची कॉफी एका दिवसात सोडली, तर डोकं दुसरं काय करणार! उजेड खुपायला लागला. नत्थूजीच्या वहाणांचा आवाज सहन होईना. हात सवयीनं कानशिलाकडे गेला, आणि लगेच समोरच्या टेबलावरून आवाज आला, "अजून दुखते वाटते. अध्यक्षाले सांगा लागते."

प्रभाकररावांनी हात खाली आणला आणि हसले. अकरा वर्षं न दुखणारं डोकं दुखवून दाखवणारा माणूस पुढचे पाच दिवस दुखतं डोकं हसून लपवत होता. आधीचं काम सोपं होतं, एवढं त्यांना कळलं.

आठव्या दिवशी, मंगळवारी, सगळे जमले. ताराचंदजींनी दुकानातून शाल आणि नारळ आणलाच होता. उतरलं असेल तर सुलोचनाबाईंना, नसेल तर प्रभाकररावांना. माणूस व्यवहारी, वस्तू फुकट जाऊ देणारा नव्हता.

"सांगा, बाबूजी," सुलोचनाबाई समोर उभ्या राहिल्या. "दुखते का नाई?"

प्रभाकररावांनी शालीकडे पाहिलं. शाल त्यांना दोन-दोन दिसत होती.

"नाही," ते म्हणाले. "साफ गेलं."

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांनी डोक्यात जे झालं, ते सांगायला नको. ताराचंदजींनी शाल सुलोचनाबाईंच्या खांद्यावर घातली. बाईंनी ती लगेच काढून घडी केली.

"शाल काय करू जी उन्हाळ्यात? मायं नाव ओट्यावर चढवून द्या, साहेब. नऊ महिने झाले."

"अरे! काऊन नाई चढलं? प्रभाकरराव, आता तं तुमच्याजवळ वेळ हाय."

वेळ होता. घड्याळात साडेतीन झाले होते आणि प्रभाकररावांना करण्यासारखं जगात काहीही उरलं नव्हतं. त्यांनी फाईल शोधली. ती हाताशीच होती, दुधाचा गरम डबा तिच्यावर ठेवत असल्यामुळे पुठ्ठ्यावर गोल वळी उमटली होती. नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला, ओट्याची चिठ्ठी फाडून दिली. सहा मिनिटं लागली. सगळी कचेरी पाहत होती. साडेतीनला बाबूजींच्या हातून काही काम होतं, हे तिथल्या निम्म्या लोकांनी प्रथमच पाहिलं.

चिठ्ठी घेऊन बाई निघाल्या. प्रभाकरराव त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. डोकं फुटत होतं आणि मनात एक खराखुरा प्रश्न होता.

"बाई, तुमच्या बहिणीची अर्धशिशी या औषधानं गेली का हो?"

सुलोचनाबाई चप्पल घालता घालता थांबल्या.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "तिची तं खरी हाय."

आणि एसटी गाठायला चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी प्रभाकररावांनी ड्रॉवर उघडला. कप काढला, पूड घेतली, आणि चमचा वाजायच्या आत नत्थूजी दहा पेले घेऊन उभा. आता औषधाचं कारण राहिलं नव्हतं. अकराजणांची कॉफी करून पाहिली. फेस धरेना, दूध पुरेना, नत्थूजीनं वरून पाणी घातलं. दोन घोट आले वाट्याला. एका रविवारी घरी करायला घेतली, तर कमलाबाईनं सहा वाट्या मांडल्या, सहावी शेजारच्या म्हातारीची. बसस्टँडवर जाऊन पिऊन पाहिली. ती कॉफी नव्हतीच, चॉकलेटी रंगाचा चहा होता, आणि शेजारी बसलेल्या ओळखीच्या मास्तरांनी बशी पुढे केली.

इकडे बाजारात गोष्ट पसरली. पवनारच्या बाईनं बड्या बाबूंची अकरा वर्षांची अर्धशिशी आठ दिवसांत घालवली! सुलोचनाबाईंच्या ओट्यावर डोकी धरून माणसं यायला लागली. बाईंना वांगी तोलायची होती, वैदू व्हायचं नव्हतं. त्या सरळ सांगायच्या, "मले काय इचारता? बाबूजीले इचारा. त्याइची गेली. साडेतीनले जाजो, तवा ते मोकळे राह्यते."

म्हणून आता रोज साडेतीनला संघाच्या बाकावर चार-दोन रोगी असतात. नत्थूजी कुणाला अडवत नाही. मागल्या पंधरवड्यात समुद्रपूरकडून एक जोडपं आलं, बाईच्या डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं. प्रभाकररावांनी जिलबी सांगितली, तूप सांगितलं, मान किती मागे टाकायची ते खुर्चीत बसून करून दाखवलं. सगळं ऐकून घेतल्यावर नवऱ्यानं हळूच विचारलं, "खरं सांगा, बाबूजी. परत तं नाई ना येत?"

डावी बाजू ठणकत होती. साडेतीन झाले की हल्ली ती ठणकतेच, ती सवय आहे की दुखणं, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नाही. हात उचलला गेला. समोरून नत्थूजी पाहत होता. प्रभाकररावांनी त्याच हातानं केस नीट केले.

"नाही येत," ते म्हणाले. "पण पथ्य सांभाळा. कॉफीला शिवायचं नाही."